पूर्वीपेक्षा शांत

वारजे, पुणे
२६ सप्टेंबर २०२४

आदरणीय मुक्ताबाई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर तुम्ही निळ्या खुणांपलीकडे काही देत नाही, म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फलटणला तुमचं कसं चाललंय? तुमच्या भावाला, हिंदुरावमामांना, शिस्त लागली असेलच, तुम्ही जाऊन दीड वर्ष होत आलं.

माझं काम स्वार्थाचं आहे. सहामाही आली. प्रगतिपुस्तकात प्रत्येक मुलापुढे विशेष प्रगती, आवड आणि सुधारणा आवश्यक असे तीन रकाने भरायचे आहेत. अठ्ठेचाळीस पोरांची एकशे चव्वेचाळीस वाक्यं! तुमच्या नोंदींच्या वहीची झेरॉक्स स्टाफरूमच्या कपाटात असायची, ती कोणीतरी ढापली. बुधवार पेठेत तयार नोंदींची पुस्तकं मिळतात, पण त्यातली मुलं सगळी एकाच साच्यातली. तुमच्या वाक्यांत निदान पुण्याची शाळा दिसते. असेल तर वही पाठवा.

शिवाय यंदा एक नवीन तक्ता आलाय: ‘भावनिक अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांचे व्यक्तिमत्त्व गुणविशेष’. चिडखोर, हट्टी, मारामारी करतो, खोटं बोलतो, वर्गात अडथळा आणतो, अशा चोवीस ओळी आणि पुढे खुणेचा चौकोन. उत्कर्षाताई म्हणून समुपदेशक आहेत, त्या फक्त शुक्रवारी येतात, त्यामुळे वर्गातून पाचच नावं द्यायची. मला पाच जागा पुरेनात. फैझलच्या नावापुढे तर एकोणीस खुणा झाल्या.

सगळी मुलं त्या अलिझा बागवानसारखी असती तर काय हवं होतं! चौथीत ती तुमच्याच वर्गात होती ना? हाक मारली की मगच कळतं, ही वर्गात आहे. तिच्यापुढे एकही खूण नाही.

उत्तराची वाट बघते.
तुमची,
निशा

*

फलटण
३ ऑक्टोबर २०२४

चि. निशास,
अनेक आशीर्वाद.

काम पडलं की आठवण येते, हे तू लपवलं नाहीस, तेवढं बरं केलंस. वही सोबत पाठवते आहे. तेहतीस वर्षांची वाक्यं आहेत, जपून वापर. माझ्या वेळी सगळ्या बाया त्यातूनच उतरवायच्या आणि मुख्याध्यापक सगळ्यांना ‘छान निरीक्षण’ असा शेरा द्यायचे. त्यांनीही कधी वाचलं नाही.

हिंदुरावाला शिस्त लावण्याच्या भानगडीत मी पडत नाही. तो त्याच्या गाईंशी बोलतो, मी पेपर वाचते. कानाचं यंत्र घेतलं होतं, त्यातून फक्त पंख्याचा आवाज येतो, म्हणून डब्यात ठेवलंय.

तुझ्या तक्त्याचं मला हसू आलं. चोवीस ओळी! आमच्या वेळी दोनच प्रकार असायचे, त्रास देणारी आणि न देणारी.

अलिझाची आठवण काढलीस, बरं वाटलं. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा. शेजारणीला, भिंतीला, फळ्याला, सगळ्यांना गोष्टी सांगायची. दिवाळी होईपर्यंत मी तिला सरळ केली. माझ्या हातून सुधारलेल्या शेवटच्या मुलांपैकी ती. तिच्यासाठी वहीतलं एकविसाव्या पानावरचं पहिलं वाक्य घे, नेमकं बसेल.

तुझी,
मुक्ताबाई

*

वारजे, पुणे
१९ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मुक्ताबाई,
नमस्कार.

अलिझा इस्पितळात आहे.

मंगळवारी गणिताचा पेपर होता. पेपर लिहून झाल्यावर मी तिलाच उत्तरपत्रिका गोळा करायला सांगितल्या, नेहमीसारख्याच. तिसऱ्या रांगेपर्यंत आली आणि खाली कोसळली. उचलायला गेले तर अंग तापलेलं. इतकं तापलेलं, की मी हात मागे घेतला. मुक्ताबाई, ती पूर्ण दीड तास माझ्यासमोर त्या तापात पेपर लिहीत होती.

डॉक्टर म्हणाले, लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय, ताप चार-पाच दिवसांचा असणार, कमरेत दुखतही असणार. घरी कोणाला पत्ता नाही. अय्युबभाई मार्केट यार्डात फळांच्या गाळ्यावर पहाटेच जातात. आजी, अख्तरबानू, रडत होत्या आणि एकच म्हणत होत्या, “ती कधी काही मागत नाही हो बाई, कधीच काही मागत नाही.” आई, आलिमा, खुर्चीवर बसून होती. एक शब्द बोलली नाही.

तिच्या शेजारी बसणाऱ्या राजनंदिनीनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, “बाई, अलिझाची पाण्याची बाटली घरी जातानाही भरलेलीच असते.” जूनपासून हे चाललंय. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, “तुम्ही विचारलंच नाही.” खरंच आहे, मी कशाला विचारलं असतं?

डॉक्टरांचा आणि माझाही अंदाज असा, की पाणी प्यायलं तर बाथरूमला जायला बाईंना विचारावं लागेल, म्हणून ती पीतच नसावी. मी इतकी भीतिदायक आहे का? दोन रात्री मला झोप नाही. तुमच्या वर्गातही ती पाणी प्यायची नाही का? काही आठवत असेल तर कळवा. घरातलं काही कारण असेल तर तेही.

निशा

*

फलटण
२५ ऑक्टोबर २०२४

चि. निशास,
आशीर्वाद.

वाचून फार वाईट वाटलं. पोर लवकर बरी होवो. तू स्वतःला दोष देऊ नकोस. अठ्ठेचाळीस जणांत कोण किती पाणी पितं हे बघायला शिक्षिकेला काय दहा डोळे असतात?

मला विचारशील तर ती मुळातच शांत स्वभावाची असावी. काही मुलं जन्मतःच तशी असतात. घरचं मला विशेष काही आठवत नाही. बागवान मंडळी, मोठं कुटुंब, सगळी कामात. यापलीकडे माहीत नाही.

पाणी पिण्याची घंटा सुरू कर, म्हणजे सगळी एकदमच पितील. आणि बाथरूमला न विचारता जाऊ दे.

दिवाळीला फराळाचं पाठवू नकोस, मला साखर निघाली आहे.

मुक्ताबाई

*

वारजे, पुणे
३० ऑक्टोबर २०२४

आदरणीय मुक्ताबाई,
नमस्कार.

अलिझा घरी आली. उजव्या बाजूच्या मूत्रपिंडाला कायमचा थोडा धक्का बसलाय, जन्मभर जपावं लागेल. सुट्टीआधी दोन दिवस ती शाळेत आली होती. तुम्ही सुचवलेली घंटा मी सुरू केली. सगळ्यांनी बाटल्या तोंडाला लावल्या, तिनंही लावली. मी जवळ जाऊन पाहिलं, तिच्या घशाची हालचाल होत नव्हती. नुसती धरून बसली होती, मला बरं वाटावं म्हणून. मी तिला म्हटलं, तुला हवं तेव्हा बाथरूमला जा, विचारायचंही नाही. तर म्हणाली, “हो बाई. थँक्यू बाई.” म्हणजे आमचा अंदाज चुकला. कारण दुसरंच काहीतरी आहे.

शेवटच्या दिवशी ऑफिसमध्ये बसून मी तिच्या मागच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी काढल्या. दुसरीत: ‘गोष्टी रंगवून सांगते.’ तिसरीत: ‘फार बोलते, लक्ष देणे गरजेचे.’ चौथीच्या पहिल्या सत्रात, नोव्हेंबर २०२२, तुमच्या अक्षरात: ‘विशेष प्रगती: पूर्वीपेक्षा खूप शांत झाली आहे. अभिनंदन!’ त्यानंतर पाचवीत तेच वाक्य. आणि सहावीत, मुक्ताबाई, तेच वाक्य, माझ्या अक्षरात. एकविसाव्या पानावरचं पहिलं.

तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलंत की मी तिला सरळ केली, आणि दुसऱ्या पत्रात लिहिलंत की ती मुळातच शांत. दोन्ही खरं कसं असेल? अख्तरबानूंनी मला सांगितलं की ऑक्टोबर २०२२ मध्ये अलिझाचा धाकटा भाऊ कासिम चार वर्षांचा होऊन गेला. डेंग्यू. आणि म्हणाल्या, “मोठ्या बाई आल्या होत्या ना घरी, तेव्हा.”

तुम्ही गेला होतात. मग मला का नाही सांगितलंत?

मी भांडायला लिहीत नाही. पण मला ती पोर वाचवायची आहे आणि माझ्याकडे काहीच नाही.

निशा

*

फलटण
९ नोव्हेंबर २०२४

चि. निशा,

घरचं आठवत नाही असं लिहिलं ते खोटं होतं. इतकी वर्षं पोरांच्या वह्यांवर ‘खरे बोलावे’ लिहून झाल्यावर साठाव्या वर्षी ही वेळ आली. लाज वाटते.

गेले होते मी. कासिम जाऊन पाच दिवस झाले होते. घर बायकांनी भरलेलं, आलिमा भिंतीला टेकून बसलेली. आणि अलिझा बोलत होती. ज्याला त्याला गाठून, कासिम कसा हसतो, त्याला आंबा कसा आवडतो, गाळ्यावरच्या पेटीत तो कसा लपला होता. थांबतच नव्हती. मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, ही माझी विद्यार्थिनी, हिला आवरणं माझं काम आहे. मी तिला हाताला धरून जिन्यात आणलं आणि म्हटलं, “अलिझा, आता तू मोठी झालीस. तोंड बंद ठेवायचं. आईला त्रास द्यायचा नाही. शहाण्यासारखं राहायचं.”

आपल्याकडे प्रत्येक घरात, प्रत्येक मयतीत, लहान मुलाला कोणी ना कोणी हे सांगतंच. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

दिवाळीनंतर ती वर्गात आली ती गप्पच. बावन्न पोरं होती माझ्याकडे. बडबडं मूल गप्प बसलं तर कोणती बाई कारण शोधायला जाते? मला सुटल्यासारखं झालं. मी तिला वर्गासमोर उभी केली आणि म्हटलं, बघा, अलिझा कशी सुधारली, सगळ्यांनी टाळ्या वाजवा. वाजवल्या. तीही हसली. मग प्रगतिपुस्तकात अभिनंदन लिहिलं. मरणानं मुकं झालेल्या पोरीचं मी अभिनंदन केलं, निशा. आणि तेच वाक्य वहीत घातलं, पुढच्यांना उपयोगी पडेल म्हणून.

तुझा तक्ता मी हसण्यावारी नेला. त्याच्या चोवीस ओळींत एक ओळ नाही, ‘कधीच त्रास देत नाही’. ती ओळ तक्ता करणाऱ्यांना सुचणार नाही, कारण तेही आपल्यासारखेच दमलेले असणार.

सोबत अलिझाला एक पत्र आहे. वाचून बघ, योग्य वाटलं तर दे. माझा पत्ता लिहिलेलं कोरं पाकीटही ठेवलंय. उत्तर लिहायला लावू नकोस. वाटलं तर लिहील.

मुक्ताबाई

(सोबतचं पत्र)

चि. अलिझा,

मी मुक्ताबाई, चौथीतली. तुला बरं नव्हतं असं कळलं.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या जिन्यात मी तुला एक गोष्ट सांगितली होती, तोंड बंद ठेवायची. ते चूक होतं. मोठी माणसंही चुकतात, आणि शिक्षिका तर सर्वांत जास्त चुकतात, कारण त्यांना कोणी तपासत नाही. तू तेव्हा जे बोलत होतीस ते बोलणं बरोबर होतं. वर्गात मी टाळ्या वाजवायला लावल्या तेही चूक होतं.

तेव्हा जे सांगायचं राहिलं असेल ते आता सांगितलंस तर मी ऐकेन. कागदावर सांगितलेलं मला नीट समजतं.

तुझी,
मुक्ताबाई

*

गुलटेकडी, पुणे
२१ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. वाचून आनंद झाला. मी बरी आहे. तुमची तब्येत कशी आहे? तुमच्याकडे गाई आहेत असे निशाबाईंनी सांगितले. त्यांची नावे काय आहेत? माझा अभ्यास चांगला चालू आहे. सहामाहीत मला गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळाले. मी कोणाला त्रास देत नाही.

तुम्ही विचारले म्हणून लिहिते. पण हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाका.

कासिमला तीन दिवस ताप होता. अम्मी रात्रभर जागी होती. दुपारी ती म्हणाली, मी अर्धा तास पडते, तू त्याच्याजवळ बस, आवाज करू नका. दादी दवा आणायला गेली होती. कासिमने पाणी मागितले. पाणी माठात होते. माठावर स्टीलचे झाकण आहे, ते काढताना खूप आवाज होतो. मी म्हटले, थांब, अम्मी उठली की देते. त्याने परत मागितले. मी म्हटले, चूप, अम्मी झोपली आहे. त्याने तिसऱ्यांदा पण मागितले. मग तो झोपला. मला वाटले बरे झाले. मग तो नीट उठलाच नाही. अब्बूंनी त्याला दवाखान्यात नेले आणि दोन दिवसांनी सगळे घरी आले, तो नाही आला.

तुम्ही आमच्या घरी आला होता तेव्हा मी तुम्हाला हेच सांगणार होते. पण भीती वाटत होती म्हणून आधी दुसरे दुसरे सांगत होते. हे सगळ्यात शेवटी सांगणार होते. मग तुम्ही म्हणालात तोंड बंद ठेवायचे.

पाणी प्यायला घेतले की मला त्याचा आवाज येतो. म्हणून मी घरी सगळे बघत असतील तेव्हाच पिते.

मला ताप आला होता तो मी सांगितला नाही कारण ताप म्हटले की अम्मी घाबरते.

हे अम्मीला सांगू नका. तिला माहीत नाही की मी पाणी दिले नाही. तिला कळले तर ती मला काही बोलणार नाही, पण तिला खूप त्रास होईल. प्लीज बाई. कोणालाच सांगू नका.

तुमची आज्ञाधारक विद्यार्थिनी,
अलिझा अय्युब बागवान
इयत्ता सहावी ब

*

वारजे, पुणे
२२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मुक्ताबाई,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला राग आला, मग रडू आलं, मग स्वतःचा राग आला. कारण जिन्यात मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

तुमचं पत्र सोमवारी अलिझाला दिलं. तिनं घडी घालून दप्तरात ठेवलं. काल बंद पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “बाई, पोस्टात टाकाल का?” मी टाकलं, उघडलं नाही. तिनं काय लिहिलंय ते मला विचारायचंही नाही. तुमच्या दोघींचं आहे ते.

उत्कर्षाताईंना भेटले. पाचांच्या यादीत सहावं नाव बसत नव्हतं, तर म्हणाल्या, मी डबा खाते त्या वेळात बसेन तिच्याशी. उत्कर्षाताई चांगल्या आहेत. पण दोन शुक्रवार झाले, अलिझा त्यांच्यासमोर बसून फक्त छान छान उत्तरं देते.

आज संध्याकाळी शाळा सुटल्यावर चौथ्यांदा अलिझाच्या घरी गेले. अलिझा अरबी शिकायला गेली होती. आलिमा मेथी निवडत होती. मी पण बसले निवडायला. अर्धी जुडी झाली असेल. मग खाली मान घालूनच म्हणाली, “बाई, त्या दुपारी मी जागी होते.”

मला काही कळेना. ती सांगत गेली. कासिम तापात होता, तीन रात्रींचं जागरण, ती पाठ टेकून पडली होती. “मला ऐकू येत होतं. तो पाणी मागत होता. एकदा, दोनदा, तीनदा. मला वाटलं, अलिझा आहे ना, देईल. मग वाटलं उठावं. पण अंगातून जीव गेल्यासारखं झालं होतं, बाई. मी डोळे मिटून पडून राहिले. माझं पोर पाणी मागत होतं आणि मी झोपेचं सोंग घेतलं.” डॉक्टर नंतर म्हणाले होते की घोटभर पाण्यानं काही फरक पडला नसता, आजार आतून वाढला होता. “पण मागितलं तर होतंच ना त्यानं,” असं म्हणाली.

अख्तरबानू सांगतात तशी दोन वर्षं ही बाई भिंतीकडे तोंड करून का पडते ते मला आज कळलं. सगळ्यांना वाटतं ती मुलासाठी रडते. ती लेकीच्या नजरेला नजर देत नाही, कारण तिला वाटतं अलिझानं तिला तेव्हा जागी पाहिलं असेल.

मला शपथ घातलीय, कोणाला सांगू नका, अलिझाला तर मुळीच नाही. “तिला कळलं तर तिला आई राहणार नाही,” म्हणाली. मी शब्द दिला. तुम्हाला लिहिते ते एवढ्याचसाठी, की कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाईना. तुमच्यापाशीच राहू द्या.

निशा

*

फलटण
२७ नोव्हेंबर २०२४

चि. निशा,

तुझं आणि अलिझाचं, दोन्ही पत्रं मला एकाच टपालात मिळाली. आधी पोरीचं वाचलं. मग तुझं.

ओसरीवर बसून राहिले. हिंदुराव दोनदा जेवायला बोलवायला आला, मग माझं तोंड बघून शेजारी बसला. शेवटी मी त्याला विचारलं, कोणी विश्वासानं सांगितलेलं दुसऱ्याला सांगावं का? तो म्हणाला, “शब्द दिला असंल तर न्हाई सांगायचं.” सरळ माणूस आहे. त्याचं म्हणणं बरोबरच आहे.

तरी मी शब्द मोडते आहे. अलिझाचं पत्र सोबत पाठवते. तिनं फाडायला सांगितलं होतं, मी फाडलं नाही. तू वाच. वाचल्यावर तुला कळेल की मी दुसरं काही का करू शकत नाही.

त्या खोलीत त्या दुपारी दोघी जाग्या होत्या. दोघींनी ऐकलं. एक आवाज होईल म्हणून उठली नाही आणि एक उठवेना म्हणून उठली नाही. दोन वर्षं दोघी एकमेकींना सांभाळत एकमेकींपासून लपतायत, आणि त्यापायी पोरीनं आपलं शरीर झिजवलं. याला समंजसपणा म्हणायला मीच शिकवलं.

आणि निशा, ती मला सांगणार होती. सगळ्यात शेवटी सांगणार होती. मी जिन्यात तिला धरलं नसतं, अजून पाच मिनिटं बोलू दिलं असतं, तर ते त्याच दिवशी बाहेर आलं असतं. बायकांनी भरलेल्या घरात आईनं ऐकलं असतं. मला कमी ऐकू येतं, पण तेव्हा येत होतं. ऐकायचं नव्हतं मला.

पोरीचं पत्र आलिमाला दे. तिच्या हातात दे, तू वाचून दाखवू नकोस, ती आठवीपर्यंत आपल्याच शाळेत शिकली आहे. मग तिनं लेकीला काय सांगायचं ते ती ठरवील. तू दारापाशी थांब. मी यायला हवं असं तुला वाटेल. फलटणहून एसटीनं तीन-साडेतीन तास, सहज येईन. पण मी समोर असले तर ती पोर पुन्हा आज्ञाधारक होऊन बसेल, म्हणून येत नाही.

अलिझाला माझा राग येईल, विश्वासघात केला म्हणून. येऊ दे. तिला कोणाचा तरी राग यायलाच हवा.

मुक्ताबाई

*

वारजे, पुणे
८ डिसेंबर २०२४

आदरणीय मुक्ताबाई,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुम्ही वाट बघत असाल हे माहीत होतं, पण काय लिहू ते समजत नव्हतं.

अलिझा आठ दिवस शाळेत आलेली नाही. आईशी बोलत नाही. आजीजवळ झोपते. तुमच्यावर तर फारच रागावली आहे, तुमचं नाव काढू देत नाही. अय्युबभाई काल शाळेत आले आणि म्हणाले, “बाई, घर फुटलं माझं.” उत्कर्षाताई म्हणतात, धीर धरा. त्या आता शुक्रवारची वाट न बघता त्यांच्या घरीच जातात. सगळं नीट होईल असं मी तुम्हाला लिहू शकत नाही, कारण मला माहीत नाही.

जे पाहिलं तेवढं लिहिते. गेल्या शनिवारी दुपारी मी गेले. आलिमाच्या हातात पत्र दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं, ओठ हलवत, सावकाश. वाचून झाल्यावर पुन्हा वरपासून सुरू केलं. मग कागद छातीशी धरून खाली बसली आणि आत हाक मारली, “अलिझा.” अख्तरबानू मला नंतर म्हणाल्या, दोन वर्षांनी तिनं त्या पोरीला नावानं हाक मारली.

अलिझा आली. आईच्या हातातला कागद पाहिला. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ती लगेच म्हणायला लागली, “सॉरी अम्मी, सॉरी, मी परत नाही, सॉरी,” आणि आलिमानं तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. फार शब्द नाही वापरले. मी जागी होते. मी ऐकलं. मी उठले नाही.

अलिझाचं सॉरी थांबलं. मग हळूच विचारलं, “तू जागी होतीस?”

आलिमा हो म्हणाली.

“तू जागी होतीस?” या वेळी आवाज चढला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी दचकले. मी सहा महिने तिला शिकवतेय, मुक्ताबाई, मला तिचा आवाज माहीतच नव्हता. तिनं हात सोडवून घेतले आणि किंचाळली, “मग उठली का नाहीस? तू मोठी होतीस! मी नऊ वर्षांची होते! मला वाटलं मीच मारलं! तू उठली का नाहीस?” आईला दोन्ही मुठींनी मारत सुटली. खांद्यावर, छातीवर, जिथं लागेल तिथं. आलिमानं हातही आडवा घातला नाही. “कासिम, कासिम” म्हणून पोर इतकी ओरडत होती की वरच्या मजल्यावरच्या इंदुबाई धावत खाली आल्या, शेजारचे दोघे-तिघे दारात जमले. कोणी म्हणालं, अहो, काय चाललंय, आवरा तिला. अख्तरबानू आतून धावत आल्या, नातीला मागून कवटाळलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवायला गेल्या. “चूप बेटी, चूप, लोग देख रहे हैं.”

आलिमानं सासूचा तो हात मनगटाला धरून बाजूला केला. तिच्या ओठातून रक्त येत होतं, लेकीचा हात लागून. आणि ती म्हणाली, “नको अम्मा. ओरडू दे तिला.”

निशा